आधी दोन तारे, आता चार: एका ऑनलाइन समुपदेशन सेवेबद्दल

सात महिन्यांपूर्वी मी या सेवेला दोन तारे दिले होते आणि खाली एकच ओळ लिहिली होती: 'ज्या कामासाठी पैसे भरले तेच काम करायला नकार दिला.' ती ओळ खोटी नव्हती, आजही नाही. तरी अभिप्राय बदलतोय, कारण त्यांच्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट तो नकारच होता हे मला उशिरा उमगलं. तारे आता चार केलेत. पाचवा का अडवला तेही सांगतो. ॲपच्या पानावर शब्दांना मर्यादा आहे म्हणून सविस्तर इथे लिहितोय. सेवेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या काही त्यांनी दुरुस्त केल्यात आणि काही अजून तशाच आहेत.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. वय छत्तीस. गे आहे. यातली पहिली दोन वाक्यं मी कुणालाही सांगतो, तिसरं गेल्या वर्षापर्यंत मोजून दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक माझा जोडीदार, म्हणजे तो धरायचा की नाही हाही प्रश्नच. मी स्वतः सेवा देण्याच्या धंद्यात असल्यामुळे दुसऱ्याच्या सेवेकडे जरा वाकड्या नजरेनेच बघतो. आमच्याकडे माणूस चांगला की वाईट हे दोन गोष्टींवरून ठरतं. तक्रार नोंदवल्यावर किती वेळात येतो, आणि आल्यावर खरं बोलतो का. 'पार्ट मागवलाय' म्हणून सटकणारे पुष्कळ असतात.

मला काय हवं होतं ते आधी सांगतो. ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, डॉक्टर बाहेर येतात, मास्क खाली ओढतात आणि नातेवाइकांना काय ते सांगतात. रुग्ण आत गुंगीत असतो. मला ती आतली जागा हवी होती. समुपदेशकाने स्क्रीनवर यावं, आई-बाबांना शास्त्रोक्त भाषेत सांगावं की तुमचा मुलगा असा असा आहे, त्यांच्या शंका फेडाव्यात, आणि मी तासाभराने घरी परतावं. माहितीपत्रकात 'कुटुंबासोबत सत्र' असं लिहिलेलं होतं. मी तेवढंच वाचून आठ सत्रांचा संच घेतला. एक सत्र पन्नास मिनिटांचं, त्यातली तीन घरच्यांबरोबर घेता येतात, आणि मधल्या दिवसांत लिहून विचारलं तर एका दिवसात उत्तर.

सुरुवात वाईट झाली. ॲपने आपणहून जोडून दिलेल्या पहिल्या समुपदेशकांनी विसाव्या मिनिटाला विचारलं, "हा एखादा टप्पा असू शकेल असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हटलं, टप्पा असेल तर बराच लांबलाय, आठवीपासून चाललाय. त्यांनी हे वहीत लिहून घेतलं, हसल्या नाहीत. सत्र संपल्यावर मी 'समुपदेशक बदला' हे बटण दाबलं. इथे सेवेला पूर्ण गुण. कारण विचारलं नाही, 'पुन्हा विचार करा' म्हणून तीन पानं फिरवली नाहीत, गेलेलं सत्रही परत खात्यात जमा केलं.

दुसऱ्या ज्या मिळाल्या त्यांना मी मनातल्या मनात 'थांबा-बाई' म्हणायचो. मी एखादी गोष्ट भरभर सांगून पुढे सटकू लागलो की त्या म्हणायच्या, "थांबा. हे परत सांगा." बास, एवढंच. कंट्रोल पॅनलसमोर उभा राहून मी नवीन पोरांना जे सांगतो, अगदी तेच.

त्यांना मी माझी मागणी सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही, हे मी करणार नाही. मी सांगितलं तर तुमच्या आई-बाबांना वाटेल निदान झालंय. ते वाक्य तुमचं आहे. मी तिथे असेन, प्रश्नांची उत्तरं देईन, कुणी रडलं तर घाई करणार नाही. पण वाक्य तुम्ही म्हणायचं." मी वाद घातला. माझे बाबा ऐंशीच्या घरात आहेत, आईला रक्तदाबाचा त्रास आहे, मी भावनिक विषयावर बोलू लागलो की माझा आवाज चिरकतो, अशी सगळी कारणं मांडून झाली. त्या म्हणाल्या, चिरकू दे. त्याच रात्री मी ते दोन तारे दिले.

संच फुकट कशाला घालवायचा म्हणून पुढची सत्रं घेत राहिलो, याहून थोर कारण नव्हतं. तिसऱ्या सत्रात त्यांनी तीन प्रश्न विचारले. घरातून निघावं लागलं तर त्या रात्री कुठे झोपाल? तुमचे पैसे आणि कागदपत्रं कुणाच्या ताब्यात आहेत? रात्री दोन वाजता फोन करायचा झाला तर कुणाला कराल? मला हसू आलं. माझा पगार आहे, वेगळं घर आहे. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच विचारते. सतरा वर्षांच्या मुलाची उत्तरं बरोबर नसली तर मी त्याला 'आत्ता नको, थांब' असंही सांगते. सांगायलाच हवं असा काही नियम नाही." हे मला पटलं. केबिनच्या छतावर उतरण्याआधी इन्स्पेक्शनचा खटका टाकलाय का हे आम्हीही दर वेळी बघतो, पंधरा वर्षं तेच काम केलं असलं तरी.

मग त्यांनी आई-बाबांना सांगायचं ते लिहून आणायला लावलं. मी दीड पान लिहिलं, मला ते चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी स्क्रीनवर ते उघडून रंग लावत नेला. 'माफ करा' चार वेळा, 'तुम्हाला वाईट वाटेल' तीन वेळा, 'माझ्या हातात असतं तर' दोनदा. 'गे' हा शब्द थेट दुसऱ्या पानावर, तोही कंसात. "हे पत्र वाचून मला वाटलं की तुम्ही कुणाला तरी गाडीखाली चिरडलंय," त्या म्हणाल्या. सत्राच्या शेवटी दीड पानाच्या तीन ओळी उरल्या होत्या आणि माफी एकही नव्हती.

दिवस कोणता निवडायचा यावरही आमचं बोलणं झालं. माझ्या जोडीदाराचं म्हणणं होतं की 11 ऑक्टोबरला सांग. 1987 मध्ये वॉशिंग्टनला समलैंगिकांच्या हक्कांसाठी मोठा मोर्चा निघाला होता, त्याची आठवण म्हणून 1988 पासून तो दिवस 'कमिंग आउट'चा, म्हणजे आपण असे आहोत हे उघडपणे सांगण्याचा, म्हणून पाळतात. मलाही कल्पना आवडली होती. थांबा-बाईंनी विचारलं, "त्या दिवशी बाबांची दुपारची झोप झालेली असेल का? आणि त्यांची श्रवणयंत्रं चार्ज असतात का?" तारखेचा विषय तिथेच संपला.

घरी सांगण्याआधी त्यांनी एक काम दिलं. ज्याला सांगणं सगळ्यात सोपं जाईल अशा एका माणसाला आधी सांगून या. मी माझ्या कामावरच्या जोडीदाराची निवड केली. जोडीदार म्हणजे कामातला, घोळ नको. आम्ही बारा वर्षं एकत्र काम करतोय. एका बंद लिफ्टच्या केबिनच्या छतावर आम्ही दोघं बसलो होतो, तो गाइड रेलचे बोल्ट आवळत होता, मी टॉर्च धरला होता. शाफ्टमध्ये एक बरं असतं, अंधार असतो आणि एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. मी म्हटलं, "अरे, मी गे आहे." त्याने बोल्ट पूर्ण आवळला. मग म्हणाला, "बरं. सतरा नंबरचा पाना दे." मी दिला. आणखी दोन बोल्ट झाले, आम्ही वर आलो, दिवस संपला.

दोन दिवसांनी सकाळी गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "मी इतकी वर्षं जे फालतू विनोद मारले ना, ते सगळे रात्री एकेक करून आठवले. च्यायला, बरेच आहेत." मी म्हटलं, हो, बरेच आहेत. "तू हसायचास पण." हो, हसायचो. यावर तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी निरोप घेताना त्याने विचारलं, त्याचं नाव काय. माझ्या माणसाचं नाव विचारणारा तो पहिला.

आता तो कापलेला तारा. ॲपमध्ये खातं उघडताना मी घरचा जुना ईमेल टाकला, कारण तोच पाठ होता. तोच ईमेल बाबांच्या टॅबलेटवर जोडलेला आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पाचव्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी त्या टॅबलेटच्या बंद पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना उमटली: 'लैंगिक ओळख आणि कुटुंब: तुमचे सत्र उद्या सायंकाळी 7 वाजता.' खाली माझं नाव. टॅबलेट त्या वेळी ताईच्या हातात होता. ती बाबांना बातम्या लावून देत होती.

चूक माझी निम्मी, मान्य. पण ज्या सेवेकडे लोक हेच लपवून येतात, तिने सूचनेत विषय छापावा? आमच्याकडे कुणी लिफ्टचं दार उघडं असताना केबिन हलू देणारी जोडणी केली तर त्याला घरी बसवतात. मी तक्रार केली, आठवडाभराने माफीचं उत्तर आलं, आणि आता सूचनेत फक्त 'उद्या 7 वाजता तुमची भेट आहे' एवढंच येतं. दुरुस्ती झाली. पण माझ्याऐवजी एखाद्या सतरा वर्षांच्या पोराचा टॅबलेट असता तर? तारा त्याचा कापलाय.

ताईने मला त्याच रात्री फोन केला. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मला तू सांगायला हवं होतंस रे. टॅबलेटने नाही." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मला वाटत होतं ती गे असण्यावरून रागावली असेल. ती रागावली होती आपला नंबर शेवटी लागला म्हणून. लहानपणी माझ्या सगळ्या चोऱ्या तिने पचवल्या होत्या आणि ही एक मी तिच्यापासून लपवली, हे तिला लागलं होतं. पुढचे पंधरा दिवस तिने मला असे काही टोमणे मारले की मी निश्चिंत झालो.

आणि मग ते सहावं सत्र, आई-बाबांबरोबरचं. आई-बाबांना मी एवढंच सांगितलं होतं की माझ्या मनावर काही ओझं आहे, त्याबद्दल एका बाईंशी बोलतो, आज तुम्हीही बसा. मी बाबांशेजारी सोफ्यावर, आई पलीकडे, समोर टॅबलेट. ताई मुद्दाम स्वतःच्या घरी. बाबांची श्रवणयंत्रं ब्लूटूथवर टॅबलेटला जोडली होती, म्हणजे बाईंचा आवाज थेट त्यांच्या कानात. व्यवस्था अगदी चोख. सुरुवातीची विचारपूस झाली आणि थांबा-बाई गप्प बसल्या. माझी पाळी.

मी म्हटलं, "बाबा, मी गे आहे."

बाबा म्हणाले, "घरी आहेस ते दिसतंय मला. पुढे बोल."

मला दोन सेकंद कळेचना की हे मुद्दाम म्हणतायत की काय. मग मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. आता त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, "कुणाला गे गे करतोयस?" आईने ऐकलं होतं. तिचा हात पदरावर थांबला होता. आणि बाबा मात्र टॅबलेटकडे बघून बाईंना सांगत होते, "हा काय पुटपुटतो ते लागत नाही हो." वीस वर्षं जपलेलं वाक्य मी दोनदा म्हटलं होतं आणि ते सोफ्यावरच पडलं होतं.

घोटाळा काय झाला ते बाईंच्या लगेच लक्षात आलं. श्रवणयंत्र टॅबलेटचा आवाज कानात सोडत असताना स्वतःचा माइक दाबून ठेवतं. म्हणजे कुठल्या कुठे बसलेल्या बाई बाबांना स्वच्छ ऐकू येत होत्या, आणि हातभर अंतरावरचा मी नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या मोबाइलवरून याच सत्रात येता येईल का? दुसऱ्या खोलीत जा, नाहीतर आवाज घुमेल." ही सोय या ॲपमध्ये आहे, एका सत्रात एका घरातून दोन उपकरणं जोडता येतात. कुठे लिहिलेलं नाही, पण आहे.

मी उठून आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, पलंगाच्या कडेला बसलो आणि मोबाइलवर सत्र उघडलं. छोट्या चौकटीत बाबा दिसत होते, खालून घेतलेला चेहरा, नाकपुड्या मोठ्या. त्यांच्या मागे सोफ्यावर मी बसलो होतो त्या जागी खळगा तसाच होता. बाईंनी आधी एक सांगून ठेवलं होतं, कमी ऐकू येणाऱ्याला एक अक्षरी शब्द पकडायला अवघड, पूर्ण वाक्य सोपं, कारण बाजूचे शब्द मदतीला येतात. म्हणून मी 'गे' सोडून दिला. म्हटलं, "बाबा, मला जोडीदार म्हणून बाई आवडत नाही. मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून. गेली चार वर्षं मी एका माणसाबरोबर आहे आणि आमचं चांगलं चाललंय."

हे थेट त्यांच्या कानात गेलं. मध्ये हवा नाही, खोली नाही, काही नाही. चौकटीत ते टॅबलेटकडे बघतच राहिले. मग त्यांनी मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मी तिथे नव्हतो, आणि परत टॅबलेटकडे. "ऐकू आलं," ते म्हणाले. "आता बाहेर ये."

बाहेर आलो. त्यांनी दोन्ही यंत्रं काढून हातात घेतली होती. म्हणजे आता त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्याकडे याचा अर्थ 'मला विचार करू द्या' असा होतो. बाईंनी उरलेली अठरा मिनिटं त्यांना एक शब्द बोलायला लावलं नाही. आईशी बोलल्या, तेही थोडंच. आईने एकच विचारलं, "आमचं काय चुकलं?"

बाबा चार दिवसांनी बोलले. ते निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेत रंगांचे नमुने तपासत होते, त्यामुळे त्यांचे प्रश्नही तसेच. हा आजार नाही हे कुणी ठरवलं? कधी? कशावरून? मी त्यांना म्हटलं, बाईंना लिहून विचारा. त्यांनी खरंच विचारलं, एक दोन तीन आकडे घालून. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते मी जपून ठेवलंय. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला. बाबांनी वाचून कागद बाजूला ठेवला. संघटनांनी ठराव केला म्हणून बाबा ऐकतील हे शक्यच नव्हतं.

त्यांना पकडलं ते एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या 1957 साली छापून आलेल्या प्रयोगाने. तीस समलैंगिक पुरुष आणि तीस इतर, वय, शिक्षण, बुद्ध्यांक यांच्या जोड्या लावून. सगळ्यांच्या त्याच मानसिक चाचण्या. मग कुणाचं नाव कळणार नाही अशा रीतीने ते निकाल नावाजलेल्या परीक्षकांपुढे ठेवले, ओळखा यातले समलैंगिक कोण. त्यांना ओळखता आलं नाही. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नमुन्यावर नाव नव्हतं?" नव्हतं. "आणि परीक्षक तिच्या ओळखीतलेच, की त्या विषयातले?" विषयातले, चाचण्यांचे जाणकार. ते 'हं' म्हणाले. त्यांचा 'हं' मी छत्तीस वर्षं ऐकतोय, हा होकाराचा होता.

दुसरं त्यांना आवडलं ते रॉबर्ट स्पिट्झर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं प्रकरण. 1973 च्या निर्णयात याच माणसाचा मोठा वाटा. मग 2003 मध्ये यानेच एक अभ्यास छापला की काही समलैंगिकांना आपली ओढ बदलता येते. तो अभ्यास म्हणजे निव्वळ लोकांनी फोनवर स्वतःबद्दल सांगितलेलं. 2012 मध्ये त्याने जाहीरपणे कबूल केलं की माझा निष्कर्ष चुकला होता, आणि माफी मागितली. मला वाटलं होतं बाबा यावरून म्हणतील, बघ, यांचंच ठरत नाही. ते म्हणाले, "म्हातारपणी चूक कबूल केली. मोठा माणूस." आणि माझ्याकडे न बघता श्रवणयंत्राची डबी बंद केली.

आईचं तसं नव्हतं. तिला प्रयोगांशी काही घेणं नव्हतं. नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी बाईंकडे कुरकुर केली, त्यांनी मला झापलं म्हणता येईल इतपत सुनावलं. तुम्हाला स्वतःशी कबूल व्हायला किती वर्षं लागली? मग आईला नऊ दिवस का नाही? त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रकल्पाबद्दल सांगितलं, कॅटलिन रायन या संशोधक बाईंच्या. 2009 मध्ये त्यांचा अभ्यास आला, एकवीस ते पंचवीस वयाच्या 224 समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुण-तरुणींचा. ज्यांना घरून फार झिडकारलं गेलं होतं त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना अगदी कमी किंवा अजिबात झिडकारलं गेलं नव्हतं त्यांच्या 8.4 पट. पण बाईंचा मुद्दा आकड्याचा नव्हता. त्या अभ्यासात मोजली होती ती घरच्यांची वागणूक. आईला पटलंय का, हे विचारू नका, त्या म्हणाल्या. ती काय करते ते बघा.

मग मी बघू लागलो. आईने दहाव्या दिवशी ताईकडून माझ्या माणसाचा मोबाइल नंबर मागून घेतला. का, विचारल्यावर म्हणाली, "हा शाफ्टमध्ये असला की फोन लागत नाही. कुणाला तरी विचारायला नको?" नंबर तिने कुठल्या नावाने ठेवला ते ताईने मला नंतर गुपचूप दाखवलं. 'ह्याचा तो'. अजून तसाच आहे. बदलू नये असं मला वाटतं.

सातव्या सत्रात, म्हणजे घरच्यांबरोबरच्या दुसऱ्या, बाईंनी आईला जीन मॅनफर्डची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमधली शाळेतली शिक्षिका. 1972 मध्ये तिच्या मुलाला एका निदर्शनात मारहाण झाली तेव्हा तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आपला मुलगा समलैंगिक आहे आणि आपलं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून. त्याच वर्षी त्याच्याबरोबर मोर्चात हातात पाटी धरून चालली. 1973 मध्ये तिच्यासारख्या आई-बापांची पहिली बैठक झाली, जेमतेम वीसेक माणसं. त्यातून पुढे पीफ्लॅग ही संघटना उभी राहिली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी मोर्चाबिर्चात जाणार नाही हं." कुणी जा म्हटलंही नव्हतं. बाई म्हणाल्या, "नका जाऊ." आई जरा सैल झाली. मग तिने विचारलं, त्या बाईच्या नवऱ्याचं काय म्हणणं होतं. अशा प्रश्नाचं उत्तर थांबा-बाईंकडेही नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. हेच मी वर म्हटलं, आल्यावर खरं बोलतो का.

सेवेच्या उणिवा अजून आहेत. मराठीत चालू बोलण्याचे शब्द खाली उमटण्याची सोय नाही, बाबांसारख्यांना तिचा केवढा उपयोग झाला असता. आणीबाणीला कुणाला कळवायचं या रकान्यात नात्यांची यादी येते, तिच्यात काका, मामा, शेजारी सगळे आहेत, जोडीदार नाही. मी 'इतर' निवडलं. संच बंद करायचं बटण तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि एक गोष्ट होती, ती माझ्या नजरेतून निसटली होती. घरच्यांबरोबरच्या प्रत्येक सत्रानंतर घरच्यांना एक फॉर्म येतो, सत्र कसं वाटलं वगैरे. तो बाबा भरत. मागच्या महिन्यात ग्राहक सेवेचं एक उत्तर माझ्या ईमेलवर आलं: 'आपल्या सूचनेबद्दल आभार, फॉर्ममध्ये बदल करत आहोत.' मी तर काहीच सूचना केली नव्हती. खाली स्क्रोल केलं तर बाबांचं पत्र होतं, टॅबलेटवर एका बोटाने टाइप केलेलं, पूर्णविरामाच्या आधी जागा सोडलेली, त्यांची जुनी सवय.

'महोदय , आपल्या फॉर्ममध्ये पहिला रकाना "रुग्णाचे नाव" असा आहे . दुसरा "रुग्णाशी नाते" असा आहे . माझा मुलगा रुग्ण नाही . ही बाब 1973 सालीच निकाली निघाली आहे . कृपया दुरुस्ती करून कळवावे .'

खाली सही, हुद्दा (निवृत्त), आणि दूरध्वनी क्रमांकासमोर कंसात: 'मोठ्याने बोलावे'.

त्याच संध्याकाळी मी दोनाचे चार तारे केले. फॉर्म बदललाय, आता तिथे 'सत्र घेणाऱ्याचे नाव' असं येतं.

संचातलं माझं एक सत्र शिल्लक होतं, ते मी रद्द करायला निघालो तर आई म्हणाली, राहू दे. ते तिने घेतलं, आणि नंतर आणखी चार सत्रांचा संच स्वतःच्या नावाने. दर गुरुवारी सातला टॅबलेट घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. बाबा बाहेर बातम्या बघत बसतात, आवाज मोठा. दोनदा मी त्या वेळी घरी होतो. आतून मध्येच आईचा आवाज थांबतो, जरा वेळ काहीच नाही, आणि मग ती तेच वाक्य पहिल्यापासून परत सांगायला लागते.